निळा ठिपका आणि एकोणीस चांदण्या

मित्रांनो, मी एक जुना मोबाइल आहे. जुना म्हणजे किती? माझ्या काचेच्या उजव्या कोपऱ्यात कोळ्याच्या जाळ्यासारखा तडा आहे, पाठ चिकटपट्टीने बांधलेली आहे, आणि आवाज वाढवायचं बटण दाबलं तर कधीकधी आवाज कमीच होतो. हसा, हसा! पण या चार बोटं रुंद काचेवरून मी पाच देश पाहिलेत, तेही दर आठवड्याला, जाऊन-येऊन. तुमच्या वर्गात आहे का असं कुणी?

माझा पहिला जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. त्यातलं फारसं काही आठवत नाही. एक सरकता पट्टा, त्यावर माझ्यासारखे हजारो भाऊ, सगळ्यांचा चेहरा एकच. खरा जन्म झाला तो मोल्दोव्हाच्या राजधानीत, किशिनाऊच्या बाजारात. सावा नावाच्या एका धिप्पाड, मिशाळ माणसाने मला उचललं, उलटंपालटं करून पाहिलं आणि दुकानदाराला विचारलं, "याला रस्ता कळतो का?"

"अहो, फोटो काय सुरेख काढतो! आणि गाणी..."

"फोटो माझी बायको काढते. गाणी मी म्हणतो. रस्ता कळतो का, तेवढं सांगा."

कळत होता. म्हणून मी सावाचा झालो.

सावाची एक पांढरी व्हॅन होती. दर शनिवारी सकाळी ती आमच्या मोल्दोव्हातून निघायची आणि रविवारी दुपारी इटलीत पोहोचायची. आमच्याकडे घरटी एखादी तरी लेक, सून नाहीतर आई इटलीत गेलेली असते. तिथल्या म्हाताऱ्या माणसांना ती न्हाऊ-माखू घालते, भरवते, निजवते, आणि घरी पैसे पाठवते. तिच्यासाठी घरची माणसं सावाच्या व्हॅनमध्ये पार्सलं देतात. खारवलेलं चीज, अक्रोड, आलुबुखाराचा मुरंबा, प्लास्टिकच्या बाटलीत घरची वाइन. परतीच्या पार्सलात कॉफी, ऑलिव्हचं तेल आणि हमखास कपडे धुण्याची पावडर असते. इटलीच्या पावडरीला वास चांगला येतो म्हणे! मला नाक नाही, त्यामुळे मी काही बोलत नाही.

माझी जागा व्हॅनच्या पुढच्या काचेला, सावाच्या अगदी नजरेसमोर होती. शेजारी प्रवाशांचा पाठीराखा संत निकोलस, त्याची काड्यापेटीएवढी तसबीर. सावा म्हणायचा, "एक वरून बघतो, एक खालून. मग मला कशाची भीती?" मला किती अभिमान वाटायचा म्हणून सांगू! संताच्या बरोबरीने नोकरी!

आता माझ्या कामाची गंमत सांगते... थांबा, चुकले! मोबाइल 'तो' असतो ना? माझ्यातली रस्ता सांगणारी बाई मध्येच बोलून जाते. तर, कामाची गंमत सांगतो. मी कुठे आहे हे मला आकाशातले उपग्रह सांगतात, आणि ते अगदी फुकट सांगतात. म्हणून माझ्या काचेवर तो निळा ठिपका कधीच विझत नाही. पण माझ्या आजूबाजूला काय आहे, कुठला रस्ता, कुठला पूल, हे उपग्रह सांगत नाहीत. त्यासाठी नकाशा लागतो. तो चालत्या गाडीत मागवला की डेटा जातो. घरी बसून आधीच उतरवून ठेवला, तर थेंबही जात नाही.

थेंब हा शब्द सावाचाच. आमच्याकडे प्रत्येक घराच्या तळघरात वाइनचं पिंप असतं आणि पिंपाला लाकडी नळ असतो. सावा म्हणायचा, "डेटा म्हणजे पिंप. नळ उघडा टाकून झोपलास, तर सकाळी तळघर झिंगलेलं आणि तू कोरडा." त्या काळी सीमा ओलांडली की आमच्या मोल्दोव्हाच्या कार्डावरचा डेटा सोन्याच्या भावाने जायचा. म्हणून सावाने माझ्यात रोमानियाचं एक कार्ड घातलं होतं. त्यात प्रत्येक फेरीसाठी तो मोजकाच डेटा भरायचा.

शुक्रवारी संध्याकाळी माझी आंघोळ व्हायची. म्हणजे सावा मला ओल्या फडक्याने पुसायचा, स्वयंपाकघरातल्या वायफायजवळ ठेवायचा आणि अख्ख्या वाटेचा नकाशा माझ्यात उतरवायचा. रोमानिया, हंगेरी, स्लोव्हेनिया, इटली. मग उपग्रहातून काढलेली घरांची आणि शेतांची चित्रं बंद, कारण ती डेटा घटाघटा पितात. आपोआप सुरू होणारे व्हिडिओ बंद. गुपचूप स्वतःला नवं करत बसणारी सगळी ॲप्सही बंद. वाटेत नळ उघडायचा तो तीनदाच. हंगेरीच्या सीमेवर रांग किती आहे ते बघायला, बुडापेस्टजवळ गर्दी बघायला, आणि इटलीत शिरताना एकदा. बघितलं की लगेच, "नळ बंद!"

आणखी एक होतं. ज्या ज्या बाईचं पार्सल सावा पोहोचवायचा, तिच्या ठिकाणी तो माझ्या नकाशावर एक चांदणी लावायचा. चांदणीवर बोट ठेवलं की नाव उघडायचं. आउरिका, सोरोका. झिनाइदा, काहुल. लारिसा, ओरहेई. बाई आणि तिचं मूळ गाव. पाच-सहा वर्षांत एकोणीस चांदण्या झाल्या. मी त्या रात्रंदिवस सांभाळायचो.

माझी कीर्ती वाढत होती, मित्रांनो. इतर चालक पत्ता चुकले की सावाला फोन करायचे. आणि कीर्ती वाढली की काय होतं, ते तुम्हाला ठाऊकच आहे. मान ताठ होते. माझी नाही, माझी मान कुठेय? सावाची.

सावाच्या जोडीला दुसरा चालक होता, ग्रिशा. एक झोपला की दुसरा चालवायचा. त्या वर्षी ग्रिशाला मुलगी झाली आणि सावा तिचा धर्मपिता झाला. आमच्याकडे बाळाचा बाप आणि बाळाचा धर्मपिता एकमेकांना 'कुमात्रु' म्हणतात, आणि हे नातं सख्ख्या भावापेक्षा घट्ट मानतात. बारशाची मेजवानी झाली. दीडशे पाहुणे, सात वादक, पहाटेपर्यंत नाच. त्याचा तीन तासांचा व्हिडिओ निघाला. ईस्टरनंतरच्या शुक्रवारी, माझ्या आंघोळीच्या वेळी, ग्रिशा तो घेऊन हजर!

"कुमात्रु, हा तुझ्या फोनात घाल."

मी काचेवर लिहिलं, जागा शिल्लक नाही.

"जागा नाही म्हणतोय," सावा म्हणाला.

"जागा नाही? तुझ्या धर्मकन्येला जागा नाही? लोक विचारतील, व्हिडिओ दाखव, तेव्हा काय दाखवशील? हंगेरीचा नकाशा?"

सावाने मिशी चावली. मग माझ्यातली नकाशांची यादी उघडली आणि बोट खाली खाली सरकवत गेला. "रोमानिया नको पुसायला, तिथले खड्डे दर आठवड्याला जागा बदलतात. हंगेरी नकोच, त्यांच्या पाट्या वाचता वाचता जीभ मोडते. स्लोव्हेनिया... तिथे दंड फार. इटली?" बोट थांबलं. "इटली! सतरा वर्षं जातोय. इटलीत तर मी डोळे मिटून गाडी घालतो."

"घालतोसच," ग्रिशा म्हणाला. "मी बघितलंय."

मला शिकवलेलं असतं, पुसण्याआधी एकदा विचारायचं. मी विचारलं, नक्की पुसायचं? सावाने होय दाबलं. आणि जिथे इटलीचे सगळे रस्ते होते, तिथे दीडशे पाहुणे नाचायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हॅनमध्ये एक नवीन प्रवासी चढल्या, मातुशा तेकला. मातुशा म्हणजे मावशी म्हणा, काकू म्हणा. वडीलधाऱ्या बाईला आम्ही तसंच म्हणतो. डोक्याला काळा रुमाल, मांडीवर मोठी पिशवी, आणि जीभ अशी की विळीने लाजावं. चालकाच्या शेजारच्या जागेवर त्या बसल्या त्या बसल्याच.

जानेवारीत त्यांचे यजमान, सिमिओन, गेले होते. त्यांची एकुलती एक लेक लारिसा, तीच माझी ओरहेईची चांदणी, अंत्यविधीला येऊ शकली नव्हती. तिच्या मुक्कामाची कागदपत्रं अजून झाली नव्हती. एकदा बाहेर पडली असती तर परत शिरता आलं नसतं. आणि आता ईस्टरनंतरचा रविवार आला होता. आमच्याकडे हा पितरांचा ईस्टर. या दिवशी सगळं गाव कबरस्तानात जातं आणि गेलेल्या माणसाच्या नावाने थडग्यावरून हातात दान देतं. नवा टॉवेल, पेला आणि वेणीसारखा गुंफलेला गोल पाव, म्हणजे कोलाक.

"ती थडग्यापाशी येऊ शकत नाही," मातुशा तेकला म्हणाल्या, "म्हणून थडगंच घेऊन निघाले मी." आणि त्यांनी पिशवीतून मुरंब्याची एक बरणी काढून दाखवली. आत मूठभर काळी माती होती.

ग्रिशाने छातीवर क्रूस काढला. सावा म्हणाला, "किती वेळ मिळेल लारिसाला?"

"रविवारी एक ते चार. चारला तिच्या म्हातारीची मुलगी आपल्या घरी निघते, मग म्हातारी एकटी. चारला तिला दारात असायलाच हवं. आणि संध्याकाळी मी तुझ्याच गाडीने परत."

"एकला पोहोचवतो, मातुशा. एक म्हणजे एक."

तर मित्रांनो, एवढीच गोष्ट होती. आईला लेक भेटणार होती चार वर्षांनी, तीन तासांसाठी.

रोमानिया मजेत गेला. मी बोललो की मातुशा दचकायच्या.

"ही बाई कोण सारखी मध्ये बोलते?"

"ती रस्ता सांगते, मातुशा."

"मग तू काय करतोस?"

"मी... चालवतो."

"आणि पैसे कोण घेतं? तू? बिचारी."

त्या दिवसापासून कितीतरी महिने ग्रिशा मला 'बिचारी' म्हणत होता!

हंगेरीत सावा मागे झोपायला गेला आणि ग्रिशा चाकावर आला. बुडापेस्टच्या अलीकडे गर्दी बघायला त्याने नळ उघडला. गर्दी नव्हती. पेट्रोल पंपावर चहा प्यायला थांबले, तेव्हा त्याच्या बहिणीचा फोन आला. ती रोमानियातल्या याश शहरात राहते, बारशाला येऊ शकली नव्हती. "व्हिडिओ पाठव ना रे!" ग्रिशाने माझ्याकडे पाहिलं. मी बिचारी. "एवढासा तर आहे," तो पुटपुटला आणि पाठवायचं बटण दाबलं.

मी ओरडू शकत असतो तर ओरडलो असतो. पण मला फक्त 'दोनशे मीटरवर उजवीकडे वळा' असं ओरडता येतं. दीडशे पाहुणे एकामागून एक नळातून बाहेर पडत राहिले. पिंपाच्या तळाशी एवढी वाइन नव्हतीच. स्लोव्हेनियाच्या सीमेवर मी काचेवर लिहिलं, डेटा संपला. व्हिडिओ अर्धाच गेला होता. बहिणीला म्हणे नाच सुरू होण्याआधीचं फक्त जेवण दिसलं.

सकाळी इटलीत शिरताना सावा म्हणाला, "नळ उघड, बघू."

ग्रिशा खिडकीबाहेर बघत राहिला. "पिंप... गळलं जरा."

"किती जरा?"

"सगळं."

सावाने एक मोठा श्वास घेतला. मग हसला. "जाऊ दे. इटली आहे. पाठ आहे."

आणि खरंच, मोठ्या रस्त्यावर त्याचं काही चुकलं नाही. साडेबाराला आम्ही पादोवाच्या जवळ होतो. मातुशांनी रुमाल सोडून पुन्हा नीट बांधला. आणि नेमक्या आमच्या वळणावर पिवळ्या बंड्या घातलेली माणसं उभी! सायकलींची शर्यत होती. आमचं वळण बंद. पुढचं बंद. त्याच्या पुढचंही बंद. तिसऱ्या माणसाने हात लांब करून शेतांकडे जाणाऱ्या एका अरुंद रस्त्यावर आम्हाला लोटलं.

त्या मुलखात डोंगर नाही, टेकडी नाही, साधा उंचवटाही नाही. सपाट शेतं आणि त्यांना चिरत जाणारे कालवे. प्रत्येक रस्ता मागच्यासारखाच. दोनदा आम्ही फिरून त्याच गुलाबी घरापाशी आलो. तिसऱ्यांदा आलो तेव्हा त्या घरातला कुत्रा भुंकलासुद्धा नाही, ओळखीचे झालो होतो. दुकानं बंद, सगळी माणसं एकतर शर्यतीला नाहीतर जेवायला. कार्डात पैसे भरावेत तर ते रोमानियाचं, तिथेच भरून मिळायचं. एक म्हातारा सायकलवर भेटला. सावाने पत्ता विचारला. त्याने दोन्ही हात पुढे करून सांगितलं, "सरळ! सगळं सरळ!" तो जिथे उभा होता तिथून रस्ता सरळ जातच नव्हता.

पावणेदोनला ग्रिशाच्या साध्या फोनवर लारिसाचा फोन आला. मातुशांनी तो घेतला. तिचा आवाज मला ऐकू आला, बारीक आणि घाईचा.

"आई, कुठे आहात?"

"जवळच," मातुशा म्हणाल्या.

"कशाच्या जवळ?"

मातुशांनी खिडकीतून पाहिलं. "मक्याच्या."

लारिसा हसली की रडली, कळलं नाही. म्हणाली, "सावा मला पार्सल देतो ना, त्या मैदानाच्या मागच्या भिंतीपाशी उभी आहे. मला इथले गाड्यांचे रस्ते माहीत नाहीत गं, मी बसने जाते-येते. चारपर्यंत इथेच आहे. चारपर्यंतच."

फोन ठेवल्यावर सावा आणखी वळणं घेऊन बघत राहिला. अडीच वाजले. सावाने गाडी बाजूला घेतली आणि चाकावर कपाळ टेकलं. "सतरा वर्षं," तो म्हणाला. "सतरा वर्षं, आणि नाचासाठी मी इटली पुसली."

मातुशांनी हात लांब करून मला माझ्या जागेवरून ओढून काढलं. पहिल्यांदाच कुणी मला इतक्या जवळून पाहत होतं.

"हे काय रे? बर्फ पडलाय का इथे?"

माझी काच पांढरीफटक होती. रस्ता नाही, नदी नाही, गावाचं नाव नाही. मला इतकी लाज कधीच वाटली नव्हती.

"नकाशाच नाही, मातुशा. कोरं पान आहे."

"मग हा निळा ठिपका?"

"ते आपण."

"आणि या पिवळ्या चांदण्या?"

"त्या... पार्सलवाल्या बायका. ती माझी खूण. नकाशा पुसला तरी खुणा राहतात."

"यात माझी कुठली?"

सावाने बोट ठेवलं. मी नाव उघडलं. लारिसा, ओरहेई. मातुशांना वाचायला चष्मा लागायचा, पण ते नाव त्यांनी बिनचष्म्याचं वाचलं.

"मग अडलंय कुठे?" त्या म्हणाल्या. "हे आपण, ती लेक. मी जन्मभर शेतात अशीच चालले. इथे मी, तिथे अक्रोडाचं झाड. झाडाकडे तोंड करायचं आणि चालायचं. चल, गाडी काढ."

"मातुशा, मध्ये रस्ता कुठून..."

"रस्ता जिथे असेल तिथे असेल. तू चालव, मी चांदणी बघते."

मातुशांनी मला मेणबत्तीसारखं दोन्ही हातांत धरलं. सावाने गाडी काढली आणि माझा निळा ठिपका हलला. "डावीकडे. अजून. हां, आता चांदणी नाकासमोर आहे. अरे, अरे, खांद्यामागे चालली, वळव!" माझ्या आतली बाई त्या दिवशी एक शब्दही बोलली नाही. तिची जागा मातुशांनी घेतली होती, आणि खरं सांगू, त्या जास्त चांगलं ओरडत होत्या.

ठिपका आणि चांदणी जवळ येत गेली. एक बोटाचं अंतर. अर्ध्या बोटाचं. आणि मग रस्ता संपला. समोर कालवा, हिरवट पाण्याचा, रुंद. पलीकडे घरं दिसत होती. पूल नव्हता. तीन वाजायला आले होते.

ग्रिशा एकदम म्हणाला, "मातुशा, माझ्यामुळे झालं सगळं. व्हिडिओ मी पाठवला."

"बाळाचा नाच होता ना? मग पाप नाही," मातुशा म्हणाल्या. "पण आता गप्प बस आणि पाणी बघ. कुठे चाललंय?"

"उजवीकडे."

"पाण्याबरोबर चला. पाणी पिठाची गिरणी फिरवायला जातं, गिरणीपाशी गाव असतं आणि गावाला पूल असतो. देव इटलीत काय वेगळा आहे का?"

गिरणी नव्हती. पण एक जुनं पंपघर होतं, आणि पंपघराच्या पलीकडे, विश्वास ठेवा मित्रांनो, पूल होता! सावा गाणं म्हणायला लागला. मातुशांनी त्याला दटावलं, "गाणं नंतर, आधी उजवीकडे!"

तीन वाजून वीस मिनिटांनी माझा निळा ठिपका पिवळ्या चांदणीवर जाऊन बसला.

मैदानाच्या भिंतीपाशी एक बाई येरझारा घालत होती. मातुशा खाली उतरल्या. मिठी मारतील असं मला वाटलं होतं. त्यांनी आधी लेकीचं मनगट दोन बोटांत धरून पाहिलं. "बारीक झालीस."

"तू पण," लारिसा म्हणाली. मग मिठी मारली.

व्हॅनच्या पुढच्या भागावर टॉवेल अंथरला गेला. मधोमध मातीची बरणी. मातुशा या बाजूला, लारिसा त्या बाजूला. मातुशांनी बरणीवरून कोलाक आणि पेला पुढे केला. "तुझ्या वडिलांच्या नावाने," त्या म्हणाल्या. लारिसाने दोन्ही हातांनी घेतलं आणि आमच्याकडे अशा वेळी म्हणतात तो शब्द म्हणाली, "बोगदाप्रोस्ते." देव त्याला क्षमा करो. आणि मग ती रडली, जानेवारीपासूनचं राहिलेलं सगळं. मातुशा तिच्या पाठीवर हात फिरवत एवढंच म्हणत होत्या, "शेवटपर्यंत विचारत होते तुझं. रागावले नव्हते. समजलं? अजिबात रागावले नव्हते."

मी काचेमागून हे पाहिलं. कुणी माझ्यावर चित्रण केलं नाही, कुणाला सुचलंच नाही. माझ्यात बारशाचे तीन तास आहेत आणि त्या अर्ध्या तासाचा एक क्षणही नाही. तरी तो अर्धा तासच मला पाठ आहे.

चारला दहा कमी असताना लारिसा कोलाक छातीशी धरून धावत गेली. वेळेत पोहोचली, तिचा फोन आला होता.

पुढच्या शुक्रवारी माझी आंघोळ झाली. सावाने बारसं घरातल्या संगणकात हलवलं आणि इटली परत माझ्यात उतरवली, गल्ली न् गल्ली, कालवे आणि पुलांसकट. मग चिकटपट्टीच्या एका तुकड्यावर मोठ्या अक्षरांत लिहून माझ्या खाली चिकटवलं: आधी रस्ता, मग नाच. ग्रिशाने त्याखाली स्वतःच्या हाताने भर घातली: आणि नळ बंद.

आणखी चार वर्षं मी काम केलं. मग उन्हाने माझी पाठ फुगली, काचेला तडा गेला आणि एके दिवशी सावाने नवा मोबाइल आणला. रुंद काच, गोड आवाज. मला त्याचा राग नाही. मीही कधीतरी नवा होतो. पण मला व्हॅनच्या खणात टाकलं, पाने, पक्कड आणि जुन्या पावत्यांमध्ये. तिथला अंधार फार लांब होता. कुणी खण उघडला की मला वाटायचं, मलाच बोलावलं. बहुतेक वेळा त्यांना पाना हवा असायचा.

एकदा मातुशा तेकला पार्सल द्यायला आल्या. काचेवरचा नवा मोबाइल त्यांनी पाहिला. "जुनी बिचारी कुठेय?"

"मातुशा, ती आता जवळजवळ मेलीय."

"मीही. दे इकडे."

सावाने माझी फुगलेली बॅटरी बदलून दिली, पाठ चिकटपट्टीने बांधली, कार्ड काढून घेतलं आणि मला त्यांच्या हातात ठेवलं. तेव्हापासून मी ओरहेईजवळच्या त्यांच्या स्वयंपाकघरात, खिडकीत, जिरॅनियमच्या कुंडीशेजारी राहतो. माझ्यात आता डेटाचा एक थेंब नाही. लागतही नाही. दर रविवारी दुपारी मातुशा मला सुरू करायच्या आणि चांदण्यांवर बोट फिरवायच्या. "ही आउरिका. ही झिनाइदा. आणि ही माझी." मग निळ्या ठिपक्यापासून त्या चांदणीपर्यंतचं अंतर बोटांनी मोजायच्या. माझ्या काचेवर ते नेहमी तीन बोटंच भरायचं. मातुशांना त्याचं फार बरं वाटायचं.

दोन उन्हाळ्यांपूर्वी लारिसाची कागदपत्रं झाली. ती घरी आली, पाहुणी म्हणून नाही, राहायला. संध्याकाळी चहाला पाणी ठेवून ती खिडकीशी आली आणि तिने मला हातात घेतलं. तडा गेलेली काच बोटाने पुसली. कितीतरी वेळ ती त्या एकोणीस चांदण्या बघत होती.

"आई," ती म्हणाली, "सगळ्या तिकडेच आहेत गं. या घरावर एकही नाही."

"घराला कशाला हवी? घर मला माहीत आहे."

लारिसाने मला कुंडीशेजारी नीट ठेवलं, माझा निळा ठिपका स्थिर होईपर्यंत वाट पाहिली आणि नेमकं त्याच्यावर बोट दाबून धरलं. विसावी चांदणी लागली. मी नाव विचारलं. तिने लिहिलं: लारिसा, ओरहेई.

मित्रांनो, इतकी वर्षं माझा ठिपका चांदणीकडे धावत होता. आता दोघं एकाच जागी आहेत, आणि मला कुठेही जायचं नाही.

एवढंच मागतो. प्रवासाला निघण्याआधी घरी बसून वाट उतरवून घ्या, नळ बंद करा, आणि जागा कमी पडली तर काहीही पुसा, पण कुणापर्यंत पोहोचायची वाट पुसू नका. आणि तुमच्या घरातल्या एखाद्या खणात माझ्यासारखा जुना मोबाइल पडला असेल, तर पाना शोधताना त्यालाही एकदा सुरू करून बघा. त्याच्या कोऱ्या पानावर कुणाची तरी चांदणी अजून जागी असेल.